एकही फट नको

२ डिसेंबर

ठरलं. या सुट्टीत बर्फ. मेहुण्याचा बर्फात उभा असलेला फोटो वर्षभर फॅमिली ग्रुपवर फिरतोय, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आईला एकदा बर्फ बघायचाय, म्हणून. म्हणजे ती तसं म्हणाली नाही. पण नको, असंही कधी म्हणाली नाही.

संकल्प: ट्रिपमध्ये चिडायचं नाही. समोरच्याचं चुकत असलं तरी.

७ डिसेंबर

रजा मंजूर. मॅनेजर म्हणाले, तिकडे थंडी फार, सगळ्यांना जपा. मी नुसता हसलो. अर्धं आयुष्य कोल्ड स्टोरेजमध्ये गेलं माझं. उणे अठराच्या चेंबरमध्ये आम्ही क्रिकेटवर वाद घालतो.

लोकांना थंडी कळतच नाही. स्वेटरवर स्वेटर चढवतात. अरे, थंडी भिंतीतून येत नाही, फटीतून येते. आमच्या चेंबरच्या दाराचं रबर जरा सुटलं की आइस्क्रीमचं सूप होतं आणि बोलणी मला बसतात. घरीसुद्धा माझ्यादेखत फ्रिज उघडा धरून विचार करत उभं राहायची कोणाची टाप नाही.

१४ डिसेंबर

बॅगा भरल्या. पॅकिंगच्या टेपचे रोल आणि फोमच्या पट्ट्या स्टोअरमधून आणल्यात. हिचं म्हणणं, त्या जागेत आईंच्या गोळ्या आणि जास्तीचे मोजे राहतील. मी म्हटलं, मोजे हा उपाय आहे, टेप हा बंदोबस्त आहे. हिने मोजे परत कपाटात ठेवले. पटलं असावं.

१६ डिसेंबर, घाटात

कन्येला उलट्या. ती कॉलेजात गेल्यापासून खिडकीबाहेर बघतच नाही, मोबाइलमध्ये बघते. मग होणारच.

ड्रायव्हर म्हणाला, वरचा रस्ता एकदा बंद झाला की खालून कोणी येऊ शकत नाही, डॉक्टरसुद्धा नाही. आधी प्रवाशांना घाबरवायचं आणि मग मेहुण्याच्या हॉटेलवर चहाला थांबवायचं. जगात सगळ्यांनाच मेहुणे असतात.

त्याने चहाला कुठेच थांबवलं नाही.

१६ डिसेंबर, संध्याकाळ, लॉज

खोली लाकडी. खाटा चार, खिडकी एक. बाहेर पांढरा डोंगर, फार जवळ. इतका जवळ असेल असं फोटोत वाटलं नव्हतं. आई पडदा ओढून म्हणाली, तो आत बघतोय असं वाटतं.

इन्स्पेक्शन केलं. दाराखाली बोटभर फट. खिडकीच्या वर एक छोटी झडप, ती अर्धवट उघडी आणि मिटू नये म्हणून तिच्यात लाकडाचा ठोकळा ठोकलेला. म्हणजे मुद्दाम लीकेज! माझ्या चेंबरमध्ये कोणी असं केलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवला असता. मालकाला विचारलं. म्हणाला, राहू द्या तसंच. मालक कमी बोलतो. ज्यांच्याकडे उत्तर नसतं ते कमीच बोलतात.

जेवणाआधी त्याने कोळशाची शेगडी आणून दिली. झोपायच्या वेळी निखारे चांगले धगधगत असताना उचलून घेऊन गेला. कोळशातही काटकसर. राहू दे म्हटलं तर सांगायला लागला, मागे याच खोलीत एक कुटुंब उतरलं होतं. मी म्हटलं, किस्से उद्या ऐकू. दमलोय.

१७ डिसेंबर

कोणी झोपलं नाही. आईचे दात वाजत होते. कन्या बूट घालून झोपली. माझ्याकडे बघायची सगळ्यांची नजर अशी, की जणू बर्फ मी पाडला.

कामाला लागलो. ठोकळा उपटला, झडप मिटली, वरून टेप. खिडकीला चारही बाजूंनी फोम. दाराखाली टॉवेलची वळकटी. ही म्हणाली, शेगडी असते तेव्हा वरचं तेवढं उघडं राहू द्या, माझ्या माहेरी न्हाणीघरात असंच ठेवायचे. माहेर! मी शांतपणे विचारलं, माहेरी कोणी कोल्ड स्टोरेजमध्ये होतं का? नव्हतं.

संध्याकाळी शेगडी आली. मालकाला दारातच थांबवून शेगडी आत घेतली, म्हणजे दार उघडं राहायला नको. थोड्या वेळात खोली अशी तापली की आईने शाल काढली. पुढच्या वर्षी ग्रुपवर हाच फोटो टाकणार, शाल काढलेल्या आईचा.

आई म्हणाली, डोकं जड झालंय. हिचंही. माझंही, पण मी बोललो नाही. उंचीने होतं. मालक शेगडी न्यायला आला तेव्हा त्याने नाक वर करून वास घेतल्यासारखं केलं आणि झडपेकडे बघितलं. मी मध्ये उभा राहिलो.

१८ डिसेंबर

आजचा दिवस चांगला. सगळे बर्फात. आश्चर्य म्हणजे बाहेर पडल्यावर सगळ्यांची डोकी हलकी झाली. चालण्याचे फायदे.

आईने मूठभर बर्फ उचलला, तळहातावर धरून बघत बसली आणि मग माझ्या कॉलरमध्ये टाकला. या वयात. पोट धरून हसत होती. बाबा गेल्यापासून ती अशी हसलेली मला आठवत नाही. मी पाठ फिरवली. थंडीने डोळ्यांना पाणी येतं.

संध्याकाळी खोलीत परत आलो, शेगडी लागली आणि परत सगळ्यांची डोकी जड. कन्येला मळमळ. कन्या म्हणते, बाहेर बरं वाटतं, इथे का नाही, जरा विचार कर ना बाबा. विचार केला. हे मनाचे खेळ आहेत. बाहेर लक्ष रमतं, आत तक्रारी सुचतात.

आई म्हणाली, "अरे, जरा खिडकी उघड. जीव घुसमटतोय माझा."

उघडली नाही. उघडली असती तर परत दात वाजले असते आणि परत मीच वाईट. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

१९ डिसेंबर, सकाळ

रात्रीपासून बर्फ थांबलेला नाही. डोंगर दिसतच नाही. वीज गेली. रस्ता बंद झाल्याचं मालक सांगून गेला. त्या ड्रायव्हरला आनंद झाला असेल.

लॉजमध्ये आवाज म्हणून नाही. चेंबरचं दार लागल्यावर होतं तसं.

१९ डिसेंबर, दुपार

मालक छपरावरचा बर्फ ओढायला गेलाय. डायनिंग हॉलमधली मोठी शेगडी मीच उचलून आणली. चोरी नाही, व्यवस्था आहे. वर कोळसाही भरपूर घातला.

कन्या सारखी आत-बाहेर. खाली हॉलच्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज येते म्हणे. प्रत्येक वेळी दार उघडलं की मेहनतीची ऊब गेली. शेवटी चिडलो (संकल्प मोडला, पण कारण योग्य होतं). म्हटलं, आता गेलीस तर संध्याकाळपर्यंत खालीच बस. ती म्हणाली, या खोलीपेक्षा तिथे बरं. दार आपटून गेली.

उत्तम. दाराच्या चारही कडांना आतून टेप लावून टाकली. आता एकही फट नाही. मेणबत्ती घेऊन चेक केलं, ज्योत कुठेच हलत नाही. चेंबरचीसुद्धा अशी टेस्ट कधी पास झाली नव्हती.

१९ डिसेंबर, नंतर

खोली मस्त गरम. आई खिडकी खिडकी करत होती, आता गप्प. झोपली. तिचे गाल गुलाबी दिसतायत, लग्नाच्या फोटोत आहेत तसे. हवा मानवली.

हीसुद्धा आडवी झालीय. उठताना पाय लटपटले म्हणाली. मी म्हटलं, पड मग. संसारात पहिल्यांदाच सांगितलं ते लगेच ऐकलं.

कोणाची तक्रार नाही. अशी ट्रिप व्हायला हवी.

१९ डिसेंबर, आणखी नंतर

डोकं ठणकतंय. पेन जड. दोन ओळी एकीवर एक चालल्यात. आईला हाक मारली. ती झोपलीय. परत मारली. छान झोपलीय.

खिडकी उघडावी का. उठतो. जरा बसून उठतो

२१ डिसेंबर, खालचं हॉस्पिटल

लिहायला आजच दिलं.

कन्या संध्याकाळपर्यंत थांबली नाही. राग ओसरल्यावर वर आली, दार वाजवलं. आतून ओ नाही. दार ढकललं तर हलेना. मालकाला हाक मारली. दोघांनी खांद्याने धडका मारल्या, टेप फाटली आणि दार आत आलं. मी शेगडीपाशी खाली पडलो होतो म्हणे, हात खिडकीच्या दिशेला. हे मला बरं वाटलं ऐकून. निदान दिशा बरोबर होती.

मालकाने आम्हाला ओढून बर्फात घातलं. कन्येने आजीला एकटीने ओढलं. सैन्याची गाडी रस्ता उकरत आली आणि तिने खाली आणलं. हे सगळं कन्येने हिला सांगितलं आणि हिने मला, भिंतीकडे बघत.

ही बरी आहे. मी बरा आहे. आई अजून उठलेली नाही. डॉक्टर म्हणतात, वय आहे, कोळशाचा विषारी वायू जास्त वेळ गेलाय आत, थांबून बघायचं. मी विचारलं, उंचीचा त्रास असू शकतो का. ते पुढच्या खाटेकडे वळले.

आईच्या खाटेशेजारी बसून आहे. तिचा हात धरलाय. तिने बर्फ धरला होता तो हात. मला भीती वाटतेय. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

२२ डिसेंबर, सकाळ

आईने डोळे उघडले. मला ओळखलं. मी रडलो, सगळ्यांसमोर.

२२ डिसेंबर, दुपार

डॉक्टर आले. अशा केसमध्ये लिहून घ्यावं लागतं, म्हणाले. खोली बंद कोणी केली? ही पांघरुणाची घडी घालत राहिली. कन्या सरळ माझ्याकडे बघत होती. मी सुरुवातच करणार होतो. खरंच करणार होतो. नेमकी कशी करावी एवढाच प्रश्न होता, कारण लॉजच्या बांधकामात मुळात काही दोष आहेत.

तेवढ्यात आईने तोंडावरचा मास्क बाजूला केला. म्हणाली, "मीच सांगितलं त्याला. मला थंडी सोसत नव्हती."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो, अशी.

त्यांनी लिहून घेतलं आणि गेले. आई दमून परत झोपली. कन्या म्हणाली, "बाबा, तू सांगतोस की मी सांगू?"

मी सांगतो म्हटलं.

आईला थंडी सोसत होती. ती खिडकी उघड म्हणत होती. आदल्या दिवशीही म्हणाली, त्या दुपारीही म्हणाली, गप्प होईपर्यंत म्हणत होती. ऐकलं होतं मी.

संकल्प: उद्या राउंडला डॉक्टर आले की पहिलं काम हेच. आडपडदा न ठेवता.

२३ डिसेंबर

रात्रभर मनात वाक्यं जुळवली. सुरुवात कशी, कुठे थांबायचं, कुठे त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. कोल्ड स्टोरेजचा उल्लेख आधी ठेवला होता, मग काढला.

डॉक्टर आले. मी उभा राहिलो. म्हटलं, साहेब, काल आई बोलली ते खरं नव्हतं. तिने काही सांगितलं नव्हतं, ती उलट नको म्हणत होती. सगळं मी केलं.

ते आईच्या हाताला बीपीचा पट्टा बांधत होते. म्हणाले, माहीत आहे. टेप आतून होती, लॉजवाल्याने ती इथे आणून दाखवली. आजींना तसं लिहून हवं होतं, म्हणून तसं लिहिलं.

मग म्हणाले, "जरा बाजूला व्हा. हवा येऊ द्या त्यांना."

झालो.