जिथली वस्तू तिथे

प्रिय आईस,

आधी हे वाच, की मी बरी आहे. कपडे इस्त्री करायच्या कामात आता हात बसलाय.

तुझी पसारेवाली लेक शिस्तीची झाली म्हटलं तर तू हसशील. नको ते सगळं मी देऊन टाकलं. निघताना प्रत्येक वस्तू तुझ्या नियमाने जागेवर ठेवते आणि दारातून एकदा बघून घेते. पसाऱ्यात काही हललं तर कळत नाही ना.

बाबांचा खोकला कसा आहे? मामा इकडे येणार होते, ते येतील का? येताना दाराला आतून लावायला एक जाड कडी आणू देत. खोलीची दुसरी किल्ली घरमालकांकडे असते. तसे ते सभ्य आहेत, फार बोलत नाहीत.

आज उशीर झाला म्हणून कंगवा खाटेवर टाकून पळाले. तू असतीस तर ओरडली असतीस. संध्याकाळी आले तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. कंगवा मात्र आरशापाशी, त्याच्या जागेवर होता. ती जागा माझ्याशिवाय इथे कुणाला ठाऊक असणार? त्यातले केसही काढलेले होते.

पत्र मिळेल त्याच दिवशी मामांना निघायला सांग.

तुझीच,
धांदरट