विलायतेचा नळ आणि लोहारखेड्याची विहीर

मु. लोहारखेडे, ता. पाचोरा,
पूर्व खानदेश.
ता. १९ जुलै १९३४

चिरंजीव अभिमन,

थोरल्या बहिणीचे, तुझ्या अक्काचे, तुला पोटभर आशीर्वाद. नाना बरे आहेत. दात गेले, पण भाकरी दुधात कुस्करून खातात आणि पूर्वीइतकेच ओरडतात. माझ्या शाळेत यंदा एकतीस मुली आहेत. कपाशीची पहिली निंदणी चालू आहे.

तुझे पत्र पोचले. तिथल्या इंजिनच्या कारखान्यात तुला कायमची जागा देतात, ती घेऊ की परत येऊ, असे तू विचारतोस. उत्तर देते; पण आधी एक बातमी ऐक. दोन वर्षे ती मी तुला कळवली नाही. पाचोऱ्याचे डॉक्टर म्हणाले होते, नारू अंगात वर्षभर दडून असतो, म्हणून दुसरा उन्हाळा पार पडू द्या आणि मगच बोला.

तर, चैत्रापासून आजपर्यंत आपल्या गावात एकालाही नारू निघालेला नाही. मी घरोघर जाऊन पाय पाहून आले.

तुला आठवत असेल, एरवी या दिवसांत दर दुसऱ्या ओट्यावर कोणी ना कोणी पाय पसरून बसलेले असे. जखमेतून निघालेला तो दोऱ्यासारखा किडा काडीवर गुंडाळायचा, रोज बोटभर, तुटू न देता. ऐन पेरणीला माणसे मिळत नसत. यंदा सारे गाव शेतात आहे. परवा शाळेच्या दारात उभी राहून मी नुसती बघत होते, बांधावरून बाया तरातरा चालत निघाल्या होत्या.

आणि हे झाले तुझ्या पत्रामुळे. दोन वर्षांपूर्वी तू लिहिले होतेस की विलायतेत मजुराच्या घरातही नळ असतो, बाई चुलीपाशी उभ्याउभ्या पाणी घेते. ते पान मी चावडीवर वाचून दाखवले. म्हातारे उखर्डूबाबा म्हणाले, “मंग बाया बोलतीन कोठे?” सगळे हसले, मीही हसले.

हसणे थांबल्यावर मी म्हटले, “नळ राहू द्या. पण आपण पायऱ्या उतरून विहिरीत पाय बुडवतो आणि तेच पाणी पितो. नारू त्यातूनच होतो, हे डॉक्टर पाच वर्षे सांगत आहेत. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, रहाटाने पाणी काढा.”

चिंधा पाटील म्हणाले, “आजाना येळपाईन त्या पायऱ्या शेतस. नारू म्हंजे देवीना कोप शे.” आजाच्या काळच्या पायऱ्या म्हटल्यावर माना डोलल्या. झाले, माणसे उठायला लागली.

अभिमन, तेव्हा मी जे केले ते नानांनी आधी पाहिले आणि मान खाली घातली. मी लुगड्याचा काठ वर उचलला आणि पाय पुढे केला. तोच, आखडलेला, घोट्यात वाकडा. सोळा वर्षे मी तो पोरींच्या नजरेसही पडू दिला नव्हता. मी म्हटले, “पाटीलबाबा, हा कोप कोणत्या देवीचा? एकोणीस वर्षांच्या विधवेने तिचे काय वाकडे केले होते?”

मग भिंतीकडे बायांत बसलेली भागाबाई उठली. तीच, लोटनची आई. म्हणाली, “मना पोरना बी पाय असाच शे. इटा मी वाहसू.”

दुसऱ्या दिवशी तिच्या मागे बावीस बाया होत्या. महिनाभर आम्ही नदीत झिरे खणून पाणी भरले आणि विहिरीच्या पायऱ्या दगडविटांनी बुजवल्या. आठव्या दिवशी चिंधा पाटलांची बैलगाडी दगड भरून आली. हाकायला स्वतः पाटील. नाना रोज उन्हात उभे राहून गवंड्याच्या चुका काढत होते. आता रहाट आहे, कमरेइतका कठडा आहे. आणि उखर्डूबाबांची काळजी मिटली, बाया अजूनही तिथे तासन् तास बोलतात.

डॉक्टर पाहायला आले, तेव्हा म्हणाले, “गरीब गावाच्या मानाने फार झाले.” मला ते लागले. मी विचारले, “श्रीमंत गावांनी काय केले होते?” माणूस खरा, खुर्ची ओढून बसले आणि सांगितले, की ऐंशी वर्षांमागे लंडनातही लोक घाण पाणी पिऊन पटकीने शेकड्यांनी मरत. म्हणजे नळ काही ते आईच्या पोटातून घेऊन आले नव्हते. त्यांनीही कधीतरी आपल्यासारखाच कामाला हात घातला असेल.

म्हणून आपण त्यांच्या बरोबरीला आलो, असे मी म्हणणार नाही. मी मास्तरीण आहे, खोटी बेरीज करत नाही. माझ्या एकतीस मुलींपैकी नऊ जणींकडे दुसरे परकर-पोलके नाही. आपल्या गल्लीतल्या दोघी यंदा बाळंतपणात गेल्या. तुझ्या घरमालकिणीची पाचही बाळंतपणे सुखरूप झाली, असे तू लिहितोस. पण तिच्या धाकट्याचे पाय धनुष्यासारखे वाकले आहेत, धुराने ऊन दिसत नाही म्हणून, हेही तूच लिहितोस. त्या माउलीला सांग, तुझ्या लेकरासाठी खानदेशात एक बाई हळहळली. ऊन मात्र पाठवता येत नाही, नाहीतर आपल्याकडे पोत्यांनी आहे.

आता तुझ्या त्याच पत्राचे दुसरे पान. ते मी चावडीवर वाचले नाही आणि त्याला आजवर उत्तरही दिले नाही.

तू लिहिले होतेस, की एका सभेत पडद्यावर हिंदुस्थानातल्या बाईचा नारूचा पाय दाखवला. लोकांनी तोंडावर रुमाल धरले. शेजारच्याने तुला विचारले, तुम्ही कुठले? तू म्हणालास, मुंबईचा. “मला लाज वाटली, अक्का,” एवढेच पुढे होते.

मला राग आला होता. पण रागापेक्षा मला भीती वाटली. कारण तू लाजलास का, हे मला ठाऊक आहे. तुला गावाची लाज नाही वाटली. तुला तो पाय ओळखीचा वाटला.

तू आठ वर्षांचा होतास. रोज सकाळी माझा नारू तूच निंबाच्या काडीवर गुंडाळायचास, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून. एका संध्याकाळी पट्टी सोडलीस तर तुटलेले टोक हातात आले. “माझ्याने तुटला,” म्हणून तू रडलास. नानांनी तुला मारले. आत तुटलेल्या नारूने माझा पाय पिकून कायमचा आखडला, आणि त्या दिवसापासून तू माझ्यासमोर कधी मान वर केली नाहीस. सांगेन ते शिकलास, सांगेन तिथे गेलास.

अभिमन, तो तुझ्या हातून तुटला नव्हता. धुळ्याच्या ट्रेनिंगची परीक्षा आठवड्यावर आली होती. तू शाळेत गेल्यावर मीच तो हिसकून ओढला. नानांना कळले असते, तर विधवा लेकीला त्यांनी घरीच बसवले असते. म्हणून मी गप्प बसले आणि तुला मार खाऊ दिला. पुढे तू मोठा झालास, तेव्हा सांगता आले असते. पण तू फार चांगला वागत होतास आणि मला ते हवे होते.

हे मी परवा नानांना सांगितले. त्यांनी दुधभाकरीची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, “पोराले लिखी टाक.” म्हणून लिहिले.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. जागा घ्यायची तर घे. राहिलास तर मी शाळेत पोरींना नकाशावर तुझे गाव दाखवीन. यायचे तर ये, पण या पायाचे प्रायश्चित्त घ्यायला येऊ नकोस. हा पाय माझा आहे. त्याने मला मास्तरीण केले आणि त्यानेच विहिरीच्या पायऱ्या बुजवल्या. त्या विहिरीवर इंजिन बसवावेसे तुला मनापासून वाटले, तरच बोटीत पाय ठेव.

आणि कुठेही राहिलास, तरी पुढच्या सभेत कोणी विचारले, तुम्ही कुठले, तर उभा राहून सांग.

तुझ्याशी अठरा वर्षे खोटे वागलेली, आणि तुझ्याइतका दुसऱ्या कोणाचाच अभिमान न बाळगणारी,
अक्का