औषध लागू पडलं

३ मार्च, सकाळ
काकडीवर माव्याची कीड. थोडासाच, पण शत्रूला कमी लेखू नये. दुकानदार म्हणाला, फवारणीच्या एका पंपाला एक झाकण औषध. मी दोन टाकली. आपलं काम पक्कं असतं. तोंडाला फडकं बांधलं नाही, उकडतं. संकल्प: यंदा बाजारात आपली काकडी नंबर वन.

४ मार्च
मावा खल्लास! हात जरा थरथरतायत. चहा जास्त झाला. बायको म्हणाली, मळा फार गप्प गप्प वाटतोय. म्हटलं, शांतता चांगलीच की.

६ मार्च
कुंपणापलीकडे शेजारच्या वहिनींच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. आज पेट्यांपुढे मेलेल्या माश्यांचा सडा. काही जागच्या जागी गरगर फिरत होत्या. वहिनी सुपात भरत होत्या. मी म्हणालो, हवा बदलली ना, त्यानं होतं. त्या सूप उचलून आत गेल्या. विषय संपला. जेवण गेलं नाही. अपचन असेल.

८ मार्च
विहिरीत मासे उताणे. फवारणीचा पंप मी तिथेच धुतो, पण त्याचा काय संबंध? बायकोला सांगितलं नाही, उगाच घाबरेल. जाळीनं काढून पुरले. पुरताना सारखा मागे वळून बघत होतो. चोरी थोडीच करतोय! संकल्प: पाणी उकळून प्यायचं. उकळल्यावर जातच असेल.

१० मार्च
सकाळी पुन्हा फवारलं, खबरदारी म्हणून. तेवढ्यात मुलगी माहेरी आली. चिमणी, म्हणजे नात, अनवाणी मळ्यात पळाली. मुलीनं विचारलं, फवारलंय का? म्हटलं, कधीच वाळलं. चिमणीनं काकडी तोडून तशीच खाल्ली. गोड आहे म्हणाली.

दुपारी, दवाखान्यात
चिमणी ओकतेय. तोंडातून लाळ. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, कुठलं औषध फवारलंत? म्हणालो, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. मुलगी किंचाळली, "बाबा, नाव सांगा!"
सांगितलं. दोन झाकणंही सांगितली. मग बाकावर बसलो. बाकी मी खंबीर.

१२ मार्च
चिमणी वाचली. पाणी मागितलं. मी घरून नेलेली विहिरीच्या पाण्याची बाटली बायकोनं माझ्यादेखत बेसिनमध्ये ओतली.

१९ मार्च
मुलगी दवाखान्यातूनच सासरी गेली होती. फोन उचलत नाही. रेंज नसेल. वहिनींनी उरलेल्या पेट्या टेम्पोत घालून त्यांच्या भावाकडे हलवल्या. जाताना म्हणाल्या, "भावोजी, जपा." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२ एप्रिल
मळा पिवळाधमक फुललाय. फळ एक धरत नाही. बोटाएवढ्या काकड्या पिवळ्या पडून गळतात. माशी नाही, फुलपाखरू नाही. रंगाचा ब्रश घेऊन नर-फुलातला पराग मादी-फुलाला लावत फिरतोय. बायको दारातून म्हणाली, "अहो, किती फुलांना लावणार?" म्हटलं, सगळ्यांना. दुपारपर्यंत कंबरेचा काटा ढिला.

३ एप्रिल
आज गुणगुण ऐकू आली! जिवंत काहीतरी! ब्रश टाकून बांधाकडे धावलो. दुसऱ्या बाजूच्या मळ्यातला शेजारी मोटरचा पंप पाठीला लावून फवारत होता. ओरडून म्हणाला, "तुमचंच औषध आणलंय! फार लागू पडतं म्हणे!"
त्याला थांबवायचं ठरवलं. अगदी निग्रहानं. तोंडही उघडलं. तेवढ्यात वारा आमच्याकडे फिरला. घरात पळालो आणि सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.