खोटा खोकला

अप्पा, त्या दुपारी दवाखान्यात मला सर्दी झाली नव्हती. तुम्हाला ते ठाऊकच होतं म्हणा. पण माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

पैंजणासाठी चांदीचा पत्रा कापताना तुमचं उजवं मनगट चिरलं, कोल्हापुरात ऑपरेशन करून नस शिवली, आणि टाके सुकल्यावर आठवड्यातून तीनदा तुम्हाला हाताला विजेचा करंट द्यायला नेण्याचं काम माझ्याकडं आलं. मी अकरावीत. आई घर सांभाळून पैंजणांना घुंगरं जोडायची, आणि तुम्हाला एका हातानं सदऱ्याची बटणंही लावता येत नव्हती. हुपरीहून एस्टीनं कोल्हापूरच्या दवाखान्यात जायचं, बाकावर नंबर लावून बसायचं. पहिल्या दिवशी तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी ओल्या पट्ट्या लावून बटण फिरवलं आणि तुमचा अंगठा टुणकन उडाला. "बघ की, माझा असून माझं ऐकंना. तुझ्यावर गेलाय," तुम्ही म्हणालात. शेजारी इचलकरंजीचा एक मागावरचा कामगार बसलेला. तो म्हणाला, "पावणं, गावात लाईट न्हाय आन् तुमच्या हातात हाय की!" सगळे हसले. मीही.

बाई समजावून सांगायच्या, शिवलेली नस केसाकेसानं पुढं वाढते, तोवर हाताला झोपू द्यायचं नाही. काही महिन्यांनी अंगठा हलू लागला, पण शेजारच्या दोन बोटांना काही कळत नव्हतं. चांदी तापवून, डाख लावून जोडलेला पैंजणाचा सांधा निवला की नाही, हे तुम्ही त्याच बोटांनी चाचपायचा. ती बोटं परत येणं म्हणजे तुमचं काम परत येणं. मला हे कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्याच सुमाराला कॉलेजच्या गॅदरिंगच्या नाटकात मला घेतलं. तालमी दुपारी. बोटांना स्पर्श कळायला लागला की महिन्यातून एकदा आलात तरी चालेल, असं बाई म्हणाल्या होत्या. एस्टीत मी तुम्हाला सांगितलं, "अप्पा, आज त्या डोळे मिटायला सांगून बोटाला कापूस लावतील तवा मी खोकीन. एकदा खोकले की पहिलं बोट, दोनदा खोकले की मधलं." तुम्ही डाव्या हातानं तिकीट खिशात सरकवलंत. मग विचारलंत, "नाटकात काम मोठं हाय व्हय?" मी मान हलवली. "मग खोक की."

डोळे मिटून तुम्ही बसलाय, हात टेबलावर उताणा. बाई कापूस टेकवतात, मी खोकते, तुम्ही म्हणता, "पहिलं." मी दोनदा खोकते. "मधलं." बाई खूश. "सर्दी झाली का गं तुला?" मी काही बोलायच्या आत, डोळे न उघडताच तुम्ही म्हणालात, "एस्टीतली धूळ ओ बाई. नाजूक हाय पोरगी."

महिन्यानंतरही आपण गेलो नाही. नाटकात मला चार वाक्यं होती.

पुढं तुम्ही पुन्हा डाख लावायला बसू लागलात, आणि एका सकाळी कातडं जळल्याचा वास आला. आईनं धावत येऊन तुमचं बोट तापल्या पैंजणावरून उचललं. तुम्ही आपले बोलत होता, तुम्हाला पत्ताच नव्हता. "करंट घ्यायचा का सोडलासा? समदं अर्धवट ठेवायची खोड तुमची!" आई रडत ओरडली. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. "कंटाळा आलता," म्हणालात. त्यानंतर तुम्ही डाख लावला नाही. दुसऱ्यांनी केलेले पैंजण पुसून डब्यात भरत बसायचा. तुम्ही गेल्यावर दहाव्याला काकाही तेच म्हणाले, अप्पानं इलाज मधेच सोडला. मी त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि आत गेले.

करंट चालू राहिला असता तर बोटं आली असती का? एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं, कुणा ओळखीच्या माणसाचं म्हणून. ती म्हणाली, सांगता येत नाही. त्या तीन शब्दांच्या आडोशाला मी बरीच वर्षं बसले.

गेल्या आठवड्यात हे पत्र अर्धं लिहून झालं होतं. लेक खोलीत आली आणि तुमच्या फोटोकडं बघत तिनं विचारलं, "आई, आजोबांच्या बोटाला काय झालं होतं?" घरात आम्ही दोघीच. मी कागद पालथा घातला आणि म्हणाले, "फार हट्टी होते गं ते. औषधपाणी कधी पुरं केलंच नाही."