बत्तीस रत्तल

लोणावळा,
माघ शुद्ध दशमी, शके १८५९

तीर्थस्वरूप दत्तोबादादांच्या पायांशी धाकट्या कस्तुराचा नमस्कार.

एकवीरेच्या कृपेने आम्ही सगळी खुशाल आहोत. वहिनींच्या गुडघ्याला शेक चालू ठेवावा, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नये. सासूबाई मळवलीहून आल्या आहेत. त्यांनी आणलेल्या आंबेमोहोरातला पायलीभर तांदूळ तुमच्यासाठी वेगळा काढून ठेवला आहे.

आता मोठी बातमी. सोमवारी आपली गाडी जिंकली. खोपोलीहून माणसं वर खंडाळ्याच्या आरोग्यभुवनात आणायचं वर्षभराचं काम आम्हाला मिळालं. आता गाडी विकायला नको, आणि ह्यांना मुंबईत कुणाच्या दारात ड्रायव्हर म्हणून उभं राहायलाही नको. महिनाभर घास गोड लागत नव्हता, तो सोमवारी लागला.

व्यवस्थापकांनी परीक्षा मोठी अवघड ठेवली होती. सहा माणसं, त्यांच्या ट्रंका, आणि घाटातल्या सगळ्यात उभ्या चढावर गाडी थांबवायची. आजारी माणसाला मळमळलं तर थांबावं लागतंच, असं त्यांचं म्हणणं. तिथून पुन्हा उचलायची आणि लवकरात लवकर वर पोचायचं. तीन गाड्या होत्या. इथल्या स्टँडवरच्या कोंडाजीची सगळ्यात पुढे होती, पण थांबवल्यावर तिचं इंजिन तीनदा बंद पडलं. मागे घसरू नये म्हणून चाकांखाली दगड लावावे लागले. पनवेलची गाडी उचलली खरी, पण दर गिअरला दम घेत राहिली. आपली थांबली, उचलली आणि निघाली. मी आणि सासूबाई वर वळणावर उभ्या होतो. गाडी दिसायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "आपलीच हाय. बाकीच्या खोकत्यात, ही बोलती."

हे सगळ्यांना सांगत सुटले, "दत्तोबादादांनी चाकाचा आकडा दिला म्हणून जमलं." स्टँडवर तुमचं नाव झालं आहे. तुम्हाला बोलावून फेटा बांधायचा, असंही ठरलं.

दादा, इथवर लिहून मी उठले, देवापुढची वात सारली, आणि पुन्हा बसले.

कोंडाजीची गाडी का अडली ते तुमच्या ध्यानात आलं असेल. त्यानं इंजिनामागचं ते जड चाक, तुमचं फ्लायव्हील, लेथवर कातून निम्मं केलं होतं. तुम्ही आम्हालाही तेच लिहिलं होतं. चाळीसाचं वीस रत्तल करा, इंजिन चटकन उठेल, गिअर बदलताना खोळंबणार नाही. सिलिंडर मोठे केले आहेत तर जुन्या चाकाचं ओझं कशाला, असंही लिहिलं होतं.

तुमचं पत्र आलं तेव्हा हे गाडीखाली होते. हात तेलानं माखलेले. "वाच, दादा काय म्हणतात?" मी वाचलं. सगळं तुम्ही लिहिलं तसंच वाचलं. फक्त विसाच्या जागी मी बत्तीस म्हणाले.

त्याआधी, तुमच्या पहिल्या पत्रावरून, आम्ही चार रत्तल काढून पाहिले होते. घड्याळ घेऊन शेजारी मी बसायची, म्हणून वहीत सगळं होतं. गिअर बदलताना गाडी जिथे रेंगाळायची तिथला वेळ कमी झाला होता, म्हणजे तुमचं म्हणणं खरं होतं. पण ज्यांच्या शर्यतीच्या गाडीचं काम तुम्ही बघता, ते साहेब एकटे बसतात, सपाट रस्त्यावर. इथे सहा माणसं आणि चढ. सासूबाईंच्या जात्याचा वरचा दगड झिजून हलका झाला आहे. रिकामं असलं की भिरभिर फिरतं, मूठभर दाणे टाकले की जागच्या जागी थांबतं. आणि कातलेलं लोखंड मला कुठून परत आणता आलं असतं? म्हणून आणखी चारच काढायचे, असं मनाशी ठरवलं. माझा आकडा म्हणून सांगितला असता तर ह्यांनी हसून सोडून दिला असता. तुमचा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी चाक लेथवर गेलं.

हे मी कधी बोलले नसते. पण काल मंगळवार, आम्ही कार्ल्याला देवीला गेलो. ओटी भरली. नारळ हातात घेऊन गुरवानं विचारलं, "कुणाच्या नावानं फोडायचा?" हे म्हणाले, "आमचे मेहुणे, दत्तोबा."

मी म्हटलं, "थांबा. देवीपुढे खोटं नको."

तिथेच सगळं सांगितलं. गुरव नारळ धरून उभा. हे पायरीवर जाऊन बसले.

"आन् चढावर बंद पडली असती तर?"

"तर तिथेच सांगितलं असतं, आकडा माझा होता म्हणून."

"मग जिंकल्यावर का न्हाई सांगितलं?"

"जिंकल्यावर जड गेलं. दादांचा मान, तुमचा विश्वास, दोन्हीला धक्का."

मला वाटलं, आता हे उठून एकटेच उतरून जातील. मग म्हणाले, "वही घेऊन शेजारी बसायचीस, मला वाटायचं बाईला गाडीत फिरायची हौस हाय." आणि गुरवाला म्हणाले, "फोडा. कस्तुराबाईच्या नावानं." बारा वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

आज सकाळी स्टँडवर ह्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. लोक हसले. कोंडाजी मात्र हसला नाही. दुपारी तो आमच्या दारात आला, चपला काढून उभा राहिला. "वहिनी, मी दुसरं चाक आणतोय. किती काढू?" मी म्हटलं, "भाऊजी, आधी चार काढा. भरल्या गाडीनं चढावर थांबवून बघा. मग या." ह्यांनी आतून सांगितलं, "अन् येताना वही घेऊन ये."

दादा, रागावला असाल तर रागवा. घरात सगळे नको म्हणत असताना तुम्ही मला मॅट्रिकपर्यंत शिकवलंत. तुमच्या पत्रानंच मला चाक हलकं का करायचं ते कळलं, किती करायचं तेवढं माझं मी ठरवलं. पौर्णिमेला वहिनींना घेऊन या. फेट्याला नव्हे, जेवायला. साहेबांच्या गाडीला वीसच असू द्या. मात्र पुढे कुणी घाटाच्या गाडीचं विचारलं, तर पत्र ह्यांच्या नावे घालू नये, माझ्या नावे घालावं.

आपली आज्ञा एकदाच मोडलेली,
कस्तुरा