रविवारचं दूध

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, ९ फेब्रुवारी १९९८

चि. प्रसेनजीत यास,
जयभीम व आशीर्वाद. (आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत.) वि. वि.

काल, रविवार ८ फेब्रुवारीला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू सहा वर्षांच्या दीक्षाला स्कूटरवर पुढे उभं करून रंकाळ्याला निघाला होतास. तोंडात मूठभर वेलदोडे. त्यानं दारूचा वास जात नाही, माणसाला नासक्या बासुंदीसारखा वास येतो एवढंच. मी किल्ली काढून घेतली, तर स्वतःच्या पोरीला फिरवायची चोरी हाय व्हय म्हणून गल्ली डोक्यावर घेतलीस. होय, चोरी आहे.

प्रीती लेकीला घेऊन माझ्याकडे आली ती तुझ्या बाटलीला कंटाळून, सासूच्या स्वयंपाकाच्या मोहानं नव्हे. ती म्हणते, आता भेटी बंद. मी तिच्याशी भांडले. दीक्षा शनिवारपासूनच रविवारचा फ्रॉक घालून बसते. तिचा बाप बंद केला म्हणून तुझी दारू थोडीच बंद होणार आहे?

तेव्हा आमचं ठरलं ते असं. दर रविवारी सकाळी सातला गंगावेशीत, जिथं म्हशीची धार समोर काढून दूध विकतात, तिथं यायचं. एक तास लेक तुझी. स्कूटर आणायची नाही. मी समोर पेपर वाचत बसेन. गडहिंग्लजहून पहाटेची पहिली एसटी धरायची तर आदल्या रात्री बाटली घेऊन बसायला सवड उरत नाही, हे मी मुद्दाम योजलं आहे. नन्सच्या शाळेत शिकलेली बाई आहे मी, शिस्त लावता येते.

पटत असेल तर कळव.
तुझी आई

गडहिंग्लज
१३ फेब्रुवारी १९९८

प्रिय आईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं, अजून कान गरम आहेत. मी फार घेतली नव्हती. पण तुझ्यापुढे 'फार' म्हणजे किती, हा वाद घालण्यात अर्थ नाही. तू माझी आई आहेस की प्रीतीची, तेवढं एकदा ठरव.

माझा दोस्त बाळासो, त्याला सांगितलं, तर तो हसून लोळला. म्हणाला, गड्या, कोर्टात पोलीस असतो, तुझ्या भेटीला म्हैस! हसू दे. येतो. दीक्षाला सांग, दुधाच्या मिशा कुणाच्या मोठ्या, ते बघू.

प्रीतीला विचारलं म्हणून सांग. नको, सांगू नकोस. सांग.
तुझा,
प्रसेनजीत

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार, १६ मार्च १९९८

चि. प्रसेनजीत यास,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर वेळेवर आलास. काल साडेसात झाले तरी पत्ता नाही. पेपरमधल्या तुझ्या वयाच्या यच्चयावत पुरुषांना मी मनात शिव्या घातल्या. इतक्यात गुंडू गवळी कासेखालून उठून आला. म्हणाला, पावणं त्या कोपऱ्यावर हुबं हायती, पर जवळ येत न्हाईत. रातीला घेतलीया म्हणत्यात, आज पोरीला माझ्याकडं देऊ नका म्हणून सांगा म्हणाले.

मी मान वळवेपर्यंत तू गेला होतास.

दीक्षाला ताप-बीप सांगणार होते. मग म्हटलं, बापानं खरं सांगितलं, आजीनं का खोटं बोलावं? पप्पा दारू प्यायलाय, म्हणून आज आला नाही, असं सरळ सांगितलं. ती रडली. मग नाक पुसून तुझ्या वाटणीचं दूधही प्यायली.

घरी येऊन प्रीतीला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. त्यानं स्वतःहून सांगितलं का, हे तिनं मला तीनदा विचारलं. भाकरी करपली. मग म्हणाली, पुढच्या रविवारपासून दोन तास द्या. न आल्याबद्दल बक्षीस मिळालेला पेठेतला तू पहिलाच! मी एक अट घातली: दुसऱ्या तासाआधी शाहूपुरीत व्यसन सोडणाऱ्यांच्या बैठकीला जायचं. तिथंही मी बाहेर पेपर वाचत बसेन.

लोभ आहेच, वाढवणं तुझ्या हातात.

रविवारी येणार की नाही, याचं लेखी उत्तर शुक्रवार २० मार्चच्या आत इथं पोचलं पाहिजे. 'बघतो', 'प्रयत्न करतो' चालणार नाही. आणि पत्र माझ्या नावानं नको, दीक्षाच्या नावानं पाठव. ती आता जोडाक्षरं वाचते.

तुझी आई