धवलचं भाषण आणि आमची याएल

मिरज,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय रोजीमावशी,

शालोम. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की भांडल्यासारखं वाटतं, म्हणून लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. गुडघे कसे आहेत? ठाण्यात थंडी म्हणजे पंखा एकावर, एवढंच असेल. इथे सकाळी बादलीत हात घालवत नाही. तुझ्या जावयाला, सॅमसनला, स्टेशनवर आता दिवसपाळी मिळालीय, त्यामुळे शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावताना तो घरी असतो. माझी लॅब नेहमीसारखी, दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं. याएल बरी आहे. नववीचा अभ्यास खूप आहे.

तू विचारलं होतंस, पोरगी हल्ली तुला दोन ओळीसुद्धा का लिहीत नाही. अभ्यासामुळे नाही गं.

सप्टेंबरात त्यांच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता 'मला भावलेला नेता'. आमच्या शेजारच्या गुणमालाचा धवल, बालवाडीपासून याएलसोबत वाढलेला, तो हिटलरवर बोलला. शिस्त काय, देशप्रेम काय! टाळ्या पडल्या, पहिला नंबर आला. आमची याएल समोरच बसली होती.

संध्याकाळी गुणमाला पेढे घेऊन दारात. "वैनी, तोंड गोड करा. धवलनं पयला नंबर काडला!" तिला बिचारीला भाषणातलं काही ठाऊक नव्हतं. मी हसून पेढा घेतला. याएल आतून बाहेर आलीच नाही.

पुढे वर्गातल्या काही पोरांना खेळच मिळाला. याएल वर्गात आली की उभं राहून हात ताठ वर करायचे. एक जण म्हणायचा, "गॅस चालू करा रे." हे मला फार उशिरा कळलं. आधी नुसतं पोट दुखायचं तिचं, रोज सकाळी. मग एकदा वेणी घालताना म्हणाली, "आई, मला दुसऱ्या शाळेत घाल. तिथं माझं नाव यशिका सांग. आडनाव पेणकरच राहू दे, त्यावरून कुणाला काही कळत नाही."

आणि मावशी, मला तू आठवलीस. मामा दोघंही इस्राएलला निघाले तेव्हा तू म्हणाली होतीस, 'दोन हजार वर्षांत या मातीत आपल्याला कुणी वाकडा शब्द बोललं नाही, मी कशाला जाऊ?' लग्नात, नवसाच्या मलिद्याच्या ताटापुढे, आम्हा सगळ्या भाचरांना तू हेच ऐकवत आलीस. ते तुझं वाक्य मोडायला माझी लेखणी धजत नव्हती. म्हणून महिनाभर तुला काही कळवलं नाही.

सॅमसन म्हणाला, "इथं आपली दोनच घरं. कशाला नजरेत भरायचं?" मलाही क्षणभर पटलं. तरी मी हेडसरांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. "मॅडम, मुलांनी हिटलरचा कणखरपणा तेवढा घ्यायचा, बाकीचं सोडून द्यायचं. आणि तुमचे लोक तर लय भारी! बघा की, तिकडं इस्राएलात कसे ठोकतायत एकेकाला."

कौतुकानंच म्हणाले गं ते. मी म्हटलं, "सर, मी मिरजेत राहते. मी कुणाला ठोकत नाही, आणि तिथं लेकरं मरतात याचा मला आनंद होत नाही. माझ्या मुलीला वर्गात निर्धास्त बसता यावं, एवढंच मागतेय." म्हणाले, बघतो.

तिथून तशीच गुणमालाकडे गेले. ती तूर निवडत बसली होती. सगळं सांगितलं. त्या हिटलरनं लाखो माणसं मारली, तान्ही मुलंसुद्धा.

"पर का म्हणून?"

"ज्यू होते म्हणून."

"म्हंजे तुमच्यासारकी?"

"आम्हीच."

तिनं सूप खाली ठेवलं. "मुंगी पायाखाली आली तर जीव कळवळतो आमचा, आन् माज्या पोरानं…" मग हाक मारली, "धवल! हिकडं ये. काकूंच्या म्होरं म्हण तुजं भाषण."

तो उभा राहिला. दोन वाक्यं म्हटली. माझ्याकडे बघितलं आणि पुढचं येईना. हळूच म्हणाला, "काकू, ज्या व्हिडिओवरनं भाषण बसवलं, त्यात मारल्याचं बी होतं. मीच गाळलं. वाटलं, लय जुनं हाय, कुणाचं काय जातंय." मला राग यायला हवा होता. मी त्याला जवळ घेतलं.

नंतर त्यानं शाळेच्या परिपाठाला उभं राहून गाळलेलं सगळं सांगितलं. आवाज फुटत होता, मागची पोरं हसत होती. गुणमाला फाटकाशी उभी होती, पदर खोचून. मी पुण्याच्या आपल्या मंडळींना फोन केला. तिथल्या एलिशेबाबाई शाळांमधून बोलतात. म्हणाल्या, "एकटी जाऊ नकोस आणि रागानं जाऊ नकोस. मी येते." आम्ही दोघी नववीच्या वर्गात बोललो. एका मुलीनं विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी तोंड उघडायच्या आत याएल उठली. "इथल्याच. कोकणातल्या. तुला दुसरं काय ऐकायचंय?"

सगळं निवळलं असं नाही. एक पोरगा अजून पुटपुटतो. याएल आणि धवल एकाच बसनं जातात, लांब लांब बसतात. पण शाळा बदलायचं ती आता म्हणत नाही.

मावशी, एक मागते. तिला तू लिही. उपदेश नको. तू शाळेत होतीस, नोकरीत होतीस, एवढ्या वर्षांत तुला कुणी कधीच काही बोललं नाही का, ते लिही. आणि पुन्हा 'कधीच नाही' असंच लिहिणार असशील, तर लिहायच्या आधी थोडी थांब. मी तुझ्या हाताखाली वाढलेय. बाजारातून येऊन तू कधी कधी न जेवता झोपायचीस, ते मी पाहिलंय.

तुझ्यावर तितकंच प्रेम करणारी,
तुझी रिबका